सात वाकलेल्या पिना

"थांब, थांब, थांब! आधी बाण बघ!" गोगलगाय ओरडला.

"माहीत आहे!" ठिणगी म्हणाली. "प्रोसेसरच्या कोपऱ्यात बाण, सॉकेटच्या कोपऱ्यात बाण, दोन्ही एका बाजूला. मी काय आज पहिल्यांदा वाचतेय?"

"आणि दाबायचा नाही हं! नुसता अलगद ठेवायचा."

"गोगल्या, तू जरा गप्प बसशील?"

"प्रेक्षकहो, वातावरण तापलेलं आहे!" रेडिओने आईचा मोबाइल समोर धरून समालोचन सुरू केलं. "कुठल्याही क्षणी आमचा गेमिंग कॉम्प्युटर जन्माला येईल!"

रेडिओ शेजारच्या घरातली. वय अकरा, आणि झोपेतसुद्धा तिचं तोंड बंद नसतं असं तिची आई सांगायची. गोगलगाय हा ठिणगीचा आतेभाऊ. त्याला काहीही करायला दुप्पट वेळ लागायचा, पण केलेलं पुन्हा करावं लागायचं नाही. आणि ठिणगीला ठिणगी का म्हणतात, ते तिच्याशी पाच मिनिटं वाद घातला की कुणालाही कळायचं.

सुट्टीचे पहिले तीन आठवडे तिघांनी एका यादीत घालवले होते. वाढदिवसांचे, बक्षिसांचे, आजोबांनी दिलेले असे सगळे पैसे एकत्र केले, थोडी भर ठिणगीच्या बाबांनी घातली, तरी रक्कम बेताचीच होती. त्यातून एकेक भाग निवडायचा म्हणजे डोक्याला ताप! हा प्रोसेसर त्या बोर्डात बसत नाही, तो बोर्ड या रॅमला ओळखत नाही, हे ग्राफिक्स कार्ड त्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. आणि सगळं जमलं, की पॉवर सप्लाय कमी पडतो.

"त्यापेक्षा आपल्या सगळ्या नातेवाइकांना एका घरात बसवणं सोपं!" ठिणगीची आई म्हणाली होती.

रेडिओला रंगीत दिवे लागणारे पंखे हवे होते. "दिव्यांनी गेम पळत नाही!" असं म्हणून ठिणगीने ते कापले आणि ते पैसे ग्राफिक्स कार्डात घातले. रेडिओ दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, म्हणजे तिच्या हिशेबाने दोन वर्षं. गोगलगायीने तर ग्राफिक्स कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापून दुकानात नेला होता आणि तो कॅबिनेटमध्ये घालून बघितला होता. पहिल्या कॅबिनेटमध्ये दोन बोटं कमी पडली, म्हणून दुसरं घेतलं. दुकानातले लोक हसले. हसू देत!

आता सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले होते. अंगातल्या विजेने काही बिघडू नये म्हणून तिघांनी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला होता. ठिणगीने मदरबोर्डच्या सॉकेटची तरफ उचलली, वरचं झाकण उघडलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायचा चौकोन. त्यात केसांसारख्या बारीक सोनेरी पिनांच्या रांगा असतात, पीक डोलावं तशा सगळ्या एका दिशेला झुकलेल्या. पण इथे एका कोपऱ्यात जणू कुणी पाय ठेवला होता. पिना चपट्या झाल्या होत्या, एकमेकींवर पडल्या होत्या.

"वाकल्यात," ती हळूच म्हणाली.

रेडिओने मोबाइल खाली घेतला.

पुढच्या अर्ध्या तासात सगळंच बिनसलं. बाबा बेकरीत पहाटेपासून भट्टीवर असत आणि दुपारी येऊन झोपत. आवाजाने उठून ते बाहेर आले, बोर्ड पाहिला आणि दुकानात फोन लावला. फोनवर दुकानातला जोडणीवाला होता. तोच सगळं दाखवायचा, तोच सगळं बांधून द्यायचा. चेहऱ्यालाही चकाकी आणि बोलण्यालाही, म्हणून रेडिओने त्याचं नाव ठेवलं होतं पॉलिश.

"साहेब, मुलंच ती," फोनमधून पॉलिशचा मऊ आवाज आला. "जोर लावला असणार. होतं असं. पण मग ते वॉरंटीत बसत नाही हो."

बाबांनी फोन ठेवला. "दाबलंस ना?"

"मी प्रोसेसर हातातसुद्धा घेतला नव्हता!" ठिणगीचा आवाज चढला. "तो बघ, अजून डबीत आहे!"

"मग एकदा ठेवून परत काढला असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात दार आपटलंस तर काच तडकली."

"दार वेगळं, हे वेगळं! रेडिओ, दाखव! तू सगळं मोबाइलवर घेतलंयस ना?"

रेडिओने मोठ्या तोऱ्यात मोबाइल पुढे केला. सहा मिनिटांच्या चित्रफितीत सहाही मिनिटं रेडिओ होती. तिचे दात, तिचं नाक, तिच्या भुवया! कॅमेरा उलट्या बाजूचा लागला होता.

"अगं बावळट!" ठिणगी किंचाळली.

"झालं? आता तिच्यावर चीड," बाबा थकलेल्या आवाजात म्हणाले. "संध्याकाळी बोर्ड परत नेतो. काय करता येतं ते बघतो."

ते पुन्हा झोपायला गेले. ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. चूक केली असती तर तिने मान खाली घातली असती. पण न केलेली चूक, तीही 'तुझा स्वभावच तसा' म्हणून गळ्यात मारलेली! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता एखादं दार आपटावं. आणि तेही करता येईना.

"इकडे ये," गोगलगाय म्हणाला. तो मघापासून भिंग घेऊन बोर्डावर वाकला होता. "सात पिना वाकल्यात. मोजल्या मी."

"सात असोत नाहीतर सत्तर!"

"आणि हे बघ. बोर्ड कॅबिनेटला बसवायची ही भोकं. आपण अजून एकही स्क्रू लावलेला नाही. हो ना?"

"नाही लावला."

"मग प्रत्येक भोकाभोवती गोल ओरखडे कुठून आले?"

ठिणगीने भिंग हिसकावलं. खरंच! प्रत्येक भोकाभोवती स्क्रूच्या डोक्याएवढी चकचकीत चकती घासली गेली होती.

"हा बोर्ड आधी कुणीतरी बसवला होता," ती म्हणाली. "हा नवा नाहीच!"

"आणखी एक. डब्यावरच्या नंबराचे शेवटचे आकडे नऊ शून्य दोन सहा. बोर्डावरच्या चिकटपट्टीवर चार चार सात एक." गोगलगायीने दोन्ही नंबर पूर्णच्या पूर्ण वहीत उतरवून घेतले. "डबा एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा."

तिघं बाबांच्या खोलीत धावली. पण बाबांनी डोळे न उघडताच हात वर केला. "पुरे! अजून एक शब्द नको."

संध्याकाळी ते बोर्ड घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले. कंपनीकडे पाठवून बघू, पण आशा धरू नका, असं पॉलिश म्हणाला होता. नवा बोर्ड हवा तर पुन्हा पैसे. "महिनाभर जादा पाळी करतो," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले. ठिणगीने ताट बाजूला सरकवलं. ज्यात आपल्यातल्या कुणाचीच चूक नाही, त्यासाठी बाबा महिनाभर भट्टीसमोर उभे राहणार! आणि एकमेव पुरावा होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तिघं दारात हजर झाली. दुकानात गर्दी होती. मागे काचेच्या खोलीत मालक कानात हेडफोन खुपसून मोबाइलवर सामना बघत बसले होते.

"तुम्ही आम्हाला वापरलेला बोर्ड दिलात!" ठिणगी थेट म्हणाली. "स्क्रूचे ओरखडे होते त्यावर. डब्यावरचा नंबरही वेगळा होता!"

पॉलिश गोड हसला. "बाळ, कारखान्यात तपासतात ना, तेव्हा पडतात ओरखडे. आणि बोर्ड तर आता कंपनीकडे गेला. नंबर कसा बघायचा?"

"इतक्यात गेला? काल संध्याकाळी तर आणून दिला!"

"आम्ही कामं झटपट करतो."

ठिणगीने काचेवर टकटक केलं. मालकांनी एक हेडफोन अर्धा काढला. "काय आहे? त्याच्याशी बोला. तोच बघतो सगळं." आणि हेडफोन परत कानात!

"कुणी ऐकून का घेत नाही?" ठिणगीने काउंटरवर मूठ आपटली. पेनांचा डबा आडवा झाला.

पॉलिशने तो सावकाश उभा केला आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "बघितलंत? प्रोसेसरवरही हात असाच चालला असणार."

सगळे हसले. ठिणगीचे कान तापले. रेडिओने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. रस्त्यावर येताच ठिणगी म्हणाली, "मी त्याला सोडणार नाही. सोडणार नाही!" पण कसं, ते तिला काही सुचत नव्हतं.

"पोरांनो," मागून आवाज आला. "किती पिना वाकल्या होत्या?"

समोरच्या फोटो स्टुडिओतले म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सगळे फोटोआजोबा म्हणत. मघाशी ते दुकानात रांगेत होते. फक्त तेच हसले नव्हते.

"सात," गोगलगाय म्हणाला.

फोटोआजोबांचा चेहरा बदलला. "माझ्याही सातच होत्या."

त्यांनी तिघांना स्टुडिओत नेलं. दीड महिन्यापूर्वी फोटो नीट करायच्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी याच दुकानातून तोच बोर्ड घेतला होता. घरी स्वतः स्क्रू लावून बसवला, मग सॉकेट उघडलं, तर पिना वाकलेल्या. पॉलिशने मान हलवून सांगितलं, आजोबा, आता वय झालं, हात थरथरतात, जोर लागला असेल.

"मला खरंच तसं वाटलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं जुने कॅमेरे दुरुस्त केले मी. त्यांचे स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. पण त्या दिवसापासून हात लावला नाही. म्हटलं, लोकांच्या वस्तू बिघडवण्यापेक्षा नकोच ते."

कोपऱ्यातल्या फडताळात चार-पाच कॅमेरे पडून होते. वर धूळ साचली होती. ठिणगीने एका कॅमेऱ्यावरची धूळ बोटाने पुसली. आपल्याशी तो खोटं बोलला, ते एक. पण या माणसाकडून त्याने त्याचे हातच काढून घेतले होते!

"आजोबा, बोर्डाचं बिल आहे का?" गोगलगायीने विचारलं.

"बिल आहे, डबाही आहे. नुसता बोर्ड परत दिला, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पैसे भरले."

गोगलगायीने वही उघडली. एकेक आकड्यावर बोट ठेवून त्याने नंबर वाचला. बिलावर, डब्यावर आणि वहीत तोच नंबर होता. शेवटी चार चार सात एक!

"म्हणजे तुमचा बोर्ड त्याने दुसऱ्या डब्यात घालून आम्हाला विकला," ठिणगी म्हणाली. "आणि आता तो तिसऱ्याला विकणार."

"कंपनीकडे गेला म्हणाला ना?" रेडिओने विचारलं.

"बोर्ड कुठेही गेलेला नाही. त्याला फक्त प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक हवंय." ठिणगी गोगलगायीकडे वळली. "गोगल्या, आत्याला सुट्टी कधी आहे?"

आत्या म्हणजे गोगलगायीची आई. ती शहराची बस चालवायची आणि तिचा आवाज हॉर्नशिवाय चौक मोकळा करायचा. सगळं ऐकल्यावर ती इतकंच म्हणाली, "माझ्या भावालाही बोलावते. त्यालाही बघू दे." आणि दुसऱ्या दिवशी, तिच्या सुट्टीच्या दुपारी, तिने बाबांना झोपेतून उठवून आणलं. ते आळोखेपिळोखे देत, काही न कळून, फोटोआजोबांबरोबर स्टुडिओच्या दारात उभे राहिले. ठिणगी त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती.

रेडिओ आधीच टोपी कपाळावर ओढून, गर्दीतून दुकानात शिरून माउस बघत बसली होती. आत्या आत गेली. ठिणगी आणि गोगलगाय दाराशी कॅबिनेटच्या रिकाम्या खोक्यांमागे दबा धरून बसली.

"अहो, ते मदरबोर्ड का काय म्हणतात, ते द्या," आत्या म्हणाली आणि चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं. "भाच्याला भेट द्यायचाय. त्याच्याबरोबर फादरबोर्डही घ्यावा लागतो का हो?"

ठिणगीने तोंडावर हात दाबला. पॉलिशचे डोळे चमकले. "नाही बाई, हा एकटाच पुरतो! देतो चांगलासा."

फळीवर त्या बोर्डाचे तीन डबे ओळीने होते. पण पॉलिश खाली वाकला, आणि काउंटरच्या आतून एक डबा काढून पुसत वर आला. रेडिओ माउस ठेवून एक पाऊल पुढे सरकली.

आत्याने पैसे दिले, बिल घेतलं आणि तिथेच डब्याची चिकटपट्टी नखाने फाडली.

"अहो बाई! इथे उघडू नका! धूळ जाईल!"

"माझा आहे ना आता? मग मी बघते." आत्याने बोर्ड बाहेर काढला. "गोगल्या! वही घेऊन ये!"

खोकी धडाधड कोसळली आणि दोघं आत आली. गोगलगायीने भिंग लावून, नेहमीच्याच सावकाशपणे, बोर्डावरचा नंबर मोठ्याने वाचला. शेवटी म्हणाला, "चार. चार. सात. एक."

"ओरखडे आहेत! आणि पिनाही सातच!" ठिणगी ओरडली. "हाच आमचा बोर्ड! आणि आमच्या आधी फोटोआजोबांचा! तीन डबे आणि बोर्ड एकच!"

"काउंटरखालून काढला! मी बघितलं!" रेडिओ म्हणाली. "फळीवर तीन होते तरी! आणि या वेळी कॅमेरा सरळ लावला होता!"

पॉलिशची चकाकी क्षणात उतरली. फोटोआजोबा बिल घेऊन आत आले. त्यांच्यामागून बाबा. आणि मग आत्याने काचेच्या खोलीकडे तोंड करून अशी हाक मारली, की मालकांना ती हेडफोनमधूनही ऐकू गेली.

मालक तणतणत बाहेर आले. "हा काय गोंधळ आहे? पोरांचे खेळ दुकानात चालणार नाहीत!"

"हा नंबर वाचा," ठिणगी म्हणाली. "मग या बिलावरचा वाचा. मग आमच्या वहीतला."

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. पॉलिशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"पहिल्यांदा माझ्याच हातून वाकल्या," तो पुटपुटला. "बसवून दाखवताना. तुम्हाला कळलं तर ओरडाल म्हणून आजोबांना दिला. ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, माझीच चूक असेल. मग वाटलं, चालून जातंय."

"चालून जातंय?" ठिणगी पुढे झाली. "चूक तुमची आणि यांनी कॅमेऱ्यांना हात लावायचं सोडलं! माझे बाबा महिनाभर जादा पाळी करणार होते! आणि मी घरात खोटी ठरले!"

"मला यातलं खरंच काही माहीत नव्हतं, बाळ," मालक चाचरत म्हणाले.

"कारण तुम्ही बघितलंच नाही! काल मी काच ठोठावली, तर तुम्ही हेडफोन परत कानात घातलात!"

दुकानात कुणीही हसलं नाही. मालकांनी गळ्यातला हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. "खरं आहे तुझं," ते म्हणाले. त्यांनी पॉलिशला तिथल्या तिथे काउंटरवरून बाजूला केलं आणि स्वतः मुलांसाठी फळीवरून नवा बोर्ड उतरवला. आत्याचे पैसे परत केले. फोटोआजोबांनी दुसऱ्यांदा भरलेले पैसेही परत केले. वर मुलांपुढे दिवे लागणाऱ्या पंख्यांची पेटी सरकवली. "हे माझ्याकडून."

रेडिओचे डोळे विस्फारले. तिने ठिणगीकडे बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि पेटी परत ढकलली. "आम्हाला नकोत!"

"त्यापेक्षा आजोबांची माफी मागा," ठिणगी म्हणाली. "आणि वाकलेल्या पिना घेऊन आणखी कोण कोण परत आलं होतं, त्या सगळ्यांना फोन करा. त्यांना सांगा, की चूक त्यांची नव्हती."

मालकांनी माफी मागितली. पॉलिशनेही मागितली, त्याचा आवाज पहिल्यांदाच खरखरीत लागला.

"नवा बोर्ड इथेच उघडून बघू," गोगलगाय म्हणाला आणि त्यानेच सॉकेट उघडलं. सगळ्या पिना एकसारख्या, एका ओळीत होत्या. डब्यावरचा आणि बोर्डावरचा नंबरही एकच होता. त्याने दोनदा तपासला.

त्याच दुपारी पुन्हा जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. या वेळी माणसं जास्त होती. आई दवाखान्यातलं काम संपवून आली, आत्या होती, फोटोआजोबाही होते. ठिणगीने प्रोसेसरची डबी उघडली आणि ती आजोबांपुढे धरली.

"तुम्ही ठेवा."

"अगं, मी? नको. माझे हात..."

"तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही. बिघाड त्या माणसात होता."

आजोबांनी चष्मा सारखा केला. दोन बोटांच्या चिमटीत प्रोसेसर धरून त्यांनी बाण जुळवला आणि तो असा अलगद ठेवला, की आवाजसुद्धा आला नाही. मग तरफ खाली केली. कितीतरी वेळ ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

"या तिघांनी दुकान हलवलं बरं का!" आत्याने आईला सगळी हकिकत सांगितली. "माझ्या बसला असे तीन वाहक मिळाले, तर एकही माणूस फुकट बसणार नाही!"

"वही ठेवणारा, डोळे उघडे ठेवणारी आणि मागे न हटणारी," आजोबा म्हणाले. "मी चाळीस वर्षांत इतकी चांगली टीम बघितली नाही. उद्या स्टुडिओत या. फडताळातल्या कॅमेऱ्यांना मदतनीस लागतील."

बाबा दारात उभे होते. त्यांनी आत यायला बराच वेळ घेतला.

"ठिणगे, मी त्या दुकानदाराचं ऐकलं. तुझं ऐकून घेतलं नाही. चुकलो मी."

ठिणगीला चटकन 'असू दे' म्हणता आलं नाही. "तू मला विचारलंसही नाहीस," ती म्हणाली. "उत्तर आधीच ठरवून टाकलं होतंस. मी रागीट आहे, पण खोटारडी नाही."

"नाहीस," बाबा म्हणाले. "आणि आज तू रागावली नसतीस, तर तो बोर्ड चौथ्यालाही विकला गेला असता."

कॅबिनेटमधल्या पंख्यांनी हळूच घरघर सुरू केली आणि पडदा उजळला. दोन तासांनी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू झाला, तेव्हा सगळे ठिणगीकडे बघू लागले. पहिला मान तिचा! तिने खुर्ची मागे सरकवली.

"बाबा, तू बस."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"बस म्हणतेय ना!"

बाबा बसले. हिरवा दिवा लागताच त्यांची गाडी वळली, कठड्यावर चढली, हवेत दोन कोलांट्या घेऊन तळ्यात पडली. एकूण आठ सेकंद.

"प्रेक्षकहो, हा नवा विक्रम आहे!" रेडिओ किंचाळली.

ठिणगीचा राग अजून पुरता गेला नव्हता. पण हसू आवरणंही तिला शक्य नव्हतं. "अहो चालक, ब्रेक कुठेय ते तरी बघा!" असं म्हणत तिने दुसरी खुर्ची ओढली आणि बाबांचं बोट योग्य बटणावर नेऊन ठेवलं.